हा कसा उडतो?

आमच्या कचेरीत त्यांना सगळे हवालदार म्हणत. पोलिसात ते कधी नव्हते, आणि आवाज असा की रस्त्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्यालाही ‘जरा सरकतोस का रे’ असं विचारतील. पण चित्रकथांच्या आमच्या साप्ताहिकात हवेचं खातं त्यांच्याकडे होतं. खातं हवेचं म्हणून माणूस हवालदार. हे नाव कुणी पाडलं ते मला ठाऊक नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते इतकं मुरलं होतं की मालकसुद्धा त्यांना तीच हाक मारायचे.

हवेचं खातं म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडे एक पान हातोहात फिरायचं. लेखक गोष्ट लिहून देई, पेन्सिलवाला माणसं काढी, शाईवाला त्यांवर शाई फिरवी, आणि मग पान हवालदारांच्या टेबलावर येई. नायक उडत असला की त्याच्या मागच्या वेगाच्या रेघा, केसांचा कल, कपड्यांची फडफड, ढग, आणि खाली दूरवर पडलेली त्याची सावली, हे सगळं त्यांनी काढायचं. शेवटी पान माझ्याकडे. मी अक्षरवाली. माणसांच्या तोंडातून निघणाऱ्या फुग्यांत त्यांची बोलणी लिहायची आणि जिथे कुणी आपटेल तिथे ‘धडाम’ काढायचं, हे माझं काम. म्हणजे हवालदारांची शाई वाळेपर्यंत माझा हात बांधलेला. आणि हवालदारांची शाई वेळेवर वाळली असं फारसं कधी घडलं नाही.

याचं कारण त्यांचा एक प्रश्न. गोष्टीत नवा नायक आला की ते लेखकाच्या टेबलापाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहत आणि विचारत, “हा कसा उडतो?”

“उडतो म्हणजे उडतो. नायक आहे तो,” लेखक म्हणत.

“हो, पण कशानं?”

झालं. नमनालाच घडाभर तेल. मी तिकडे दौतीत टाक बुडवून बसलेली, आणि इकडे यांचं सुरू. एकदा पाठीवर पंख असलेला एक नायक आला, तर हवालदारांनी लेखकाला विचारलं की याची हाडं पाखरासारखी पोकळ आहेत का? असली तर मारामारीत तो एका ठोशात मोडेल; नसली तर एवढं वजन एवढ्याशा पंखांना पेलायचं नाही. शेवटी त्याचे पंख पानाच्या चौकटीबाहेर जातील एवढे मोठे केले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. झेपाळ्या म्हणून एक होता. तो उडत नाही, उडी मारतो, फक्त त्याची उडी लांब असते, असं ठरलं. मग हवालदार दर वेळी तो जिथून निघाला तिथली फरशी फुटलेली दाखवत. भिंगरी नावाची पोरगी स्वतःभोवती गरागरा फिरून वर जायची. तिला खाली उतरल्यावर चक्कर आलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. चुंबक्या जमिनीतल्या लोखंडाला रेटून वर उठायचा, त्यामुळे त्याला समुद्रावरून उडवायचं नाही. तळपायांतून आग सोडणारा एक होता. त्याच्या विजारीचं काय, हा प्रश्न एक आख्खी दुपार खाऊन गेला. शाईवाला हसून हसून टेबलावर आडवा झाला. हवालदारांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आणि पाठीवर झूल नाही. म्हणजे गळ्याला बांधलेलं, पाठीवर फडफडणारं लांबलचक कापड. ते त्यांना अजिबात चालत नसे. “पाठीवरच्या फडक्यानं कुणी उडत नाही,” ते म्हणत, “ते दारात अडकतं, बस्स.” पेन्सिलवाल्यानं कुणाला असं कापड काढलंच, तर हवालदार पांढरा रंग घेऊन ते निमूटपणे पुसून टाकत. आमच्या साप्ताहिकातले सगळे नायक पाठीनं उघडेबोडके होते, ते या माणसापायी. मला वाटायचं, फडफड काढायचा कंटाळा, दुसरं काय.

मी नवी होते तेव्हा एकदा वैतागून म्हटलं, “हवालदार, एवढं काय असतं हो त्या उडण्यात?”

ते उठले नाहीत, रागावले नाहीत. पेन्सिलवाल्यानं डबक्यावरून उडी मारणारा एक साधा माणूस काढला होता. त्या चित्राचा खालचा भाग त्यांनी तळहातानं झाकला. डबकं गेलं, रस्ता गेला. वर नुसता माणूस राहिला, हात पसरलेला. आणि देवाशपथ, तो उडत होता.

“एवढंच असतं,” ते म्हणाले. “जमीन काढायची नाही.”

त्यांच्या घरचं आम्हाला थोडंफार माहीत होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा, तिशी उलटलेला. कमरेखाली त्याला संवेदना नाही. लहानपणी पडला, एवढंच सगळे सांगत. तो घरी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. दर शनिवारी छापखान्यातून अंकांचा पहिला गठ्ठा आला की त्यातला वरचा अंक हवालदार छत्रीच्या दांड्याला गुंडाळून घरी नेत. पोरगा तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि चुका काढतो, असं ते सांगत. ‘बाबा, या पानावर ऊन डावीकडून आणि सावलीही डावीकडे!’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की कुणालाही वाटावं, पोराला पहिला नंबर मिळालाय.

कामावरून मी त्यांना खूप बोलले. पण माणूस म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती.

मग मनोवेग आला.

साप्ताहिकाचा खप उतरला होता आणि मालकांना काहीतरी ताजं हवं होतं. लेखकानं बेत सांगितला. साधा शाळकरी मुलगा. पंख नाहीत, यंत्र नाही, आग नाही, लोखंड नाही. गच्चीच्या कठड्यावर उभा राहतो, डोळे मिटतो आणि उडतो. ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

हवालदार उठले. हात मागे बांधले. “हा कसा उडतो?”

“हवालदार, यालाच तर कारण नाही,” लेखक म्हणाले. माणूस वाईट नव्हता; उलट त्या दिवशी फार समजुतीनं बोलत होते. “मुलांना कारण नको असतं. कारण म्हणजे शाळा. हा मनात आणलं की उडतो. पहिल्याच फुग्यात तसं वाक्य आहे बघा: त्यात काय, मनात आणलं की उडतो!”

हवालदारांनी कागद हातात घेतला, वाचला, परत ठेवला. “हे नाही,” ते म्हणाले.

“का पण?”

“हे नाही करायचं.”

मालक आले, समजावून झालं, आवाज चढवून झाला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मालक म्हणाले, “ठीक आहे, याची हवा शाईवाला काढेल. तुमच्यावाचून काही अडत नाही.” हवालदारांनी मान हलवली, जणू ते म्हणणं त्यांना पटलं होतं.

संध्याकाळी सगळे गेले तरी ते टेबलाशी बसून होते. मी टाक धुवत होते. मला राहवलं नाही. “एवढं कशाला ताणायचं हो? एका वाक्याचा तर प्रश्न आहे.”

“वाक्य माझं आहे ते,” हवालदार म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा भ्रमला. मग ते बोलत गेले, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं.

“पोरगा नऊ वर्षांचा होता. मी तेव्हा घरीच पानं करायचो. तो माझ्या पायाशी बसून बघत असायचा. त्या दिवशी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येऊन दारात थांबलेला, आणि माझं एक पान बाकी. पोरानं विचारलं, बाबा, हा कसा उडतो? मी वर बघितलं नाही. म्हटलं, त्यात काय, मनात आणलं की उडतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पानं दिली. हात धुवायला गेलो. तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला.”

मी टाक खाली ठेवला.

“गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता. गळ्याला टेबलाचं कापड बांधलेलं. ते त्याच्या आईनं नंतर गुपचूप धुतलं आणि फाडून पोतेरं केलं.”

“अहो, लहान मूल ते. नुसतं चढलंही असेल,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“तोही तसंच सांगतो. शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, चेंडू टाकीवर गेला होता, तो काढायला चढलो आणि पाय घसरला. त्याला मी बोललेलं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की आधीचं थोडं पुसलं जातं. तेवढं एक पुसलं गेलं, त्या आधारावर मी इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून जेवतोय. पायांचं त्याला कळलंय, ते त्यानं सोसलंय. पण बापानं सांगितलं म्हणून उडी मारली, हे त्याला आठवू नये. माझं दुसरं काही मागणं नाही. आणि आता ते वाक्य छापून त्याच्या हातात द्यायचं?”

कुणाला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी लेखकाकडे जाऊन म्हटलं, ते पहिलं वाक्य बदलू या का? त्यांनी विचारलं, का? मी तर शब्द दिलेला. “अहो, त्या वाक्यावर तर मनोवेग उभा आहे,” लेखक म्हणाले. मग मीच टाक उचलला आणि फुग्यात ते वाक्य लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते वाईट आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी हवालदारांनी गठ्ठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती छत्री काखेत मारली आणि गेले. सोमवारी आले नाहीत, नंतरही नाहीत. ताप आहे, असा निरोप आला. इकडे मनोवेग धो धो खपला आणि भिंगरीची पानं तशीच पडून राहिली, कारण तिची हवा दुसऱ्या कुणाला जमेना. शाईवाल्यानं काढलेली भिंगरी पंख्यात अडकल्यासारखी दिसायची. रविवारी मालकांनी मला पिटाळलं: जा, बघून ये, आणि म्हणावं या परत.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. दाराला पायरीच्या जागी लाकडी उतार, त्यांनी स्वतः केलेला. कडेला बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागत नव्हतं. आत पलंगावर छताच्या कडीतून एक जाड दोर सोडलेला, हातानं धरून उठता यावं म्हणून. खिडकीशी टेबल, आणि टेबलाशी चाकांच्या खुर्चीत मुलगा. डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसलेला. मी कचेरीतली अक्षरवाली, असं सांगितलं. आवाज बापासारखाच हळू.

“या ताई. तुमचं अक्षर ओळखतो मी,” तो म्हणाला. “बाबा पाव आणायला गेलेत. बसा.”

“ताप आहे म्हणाले होते.”

“ताप नाही. काय आहे ते सांगत नाहीत. म्हणाले, छापखान्याचं यंत्र बिघडलंय, सध्या अंकच निघत नाही.” त्यानं भिंग काढलं आणि टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “मग हा कुठला?”

स्क्रूंच्या डब्यांखाली अंक होता. मनोवेगाचा. काल कुणी गिऱ्हाईक घड्याळ द्यायला आलं, त्याच्या पोराच्या हातात होता म्हणे. यानं त्या पोराला म्हटलं, ठेवून जा, उद्या घड्याळाबरोबर ने. पहिलंच पान वर होतं. कठड्यावरून निघालेला, हात पसरलेला तो पोरगा, आणि त्याच्या तोंडाशी माझा फुगा.

अंक उचलावा, पदराखाली घालावा, काहीतरी करावं असं वाटलं. पण तिशी उलटलेल्या माणसाच्या हातून वाचलेलं पान काढून घेऊन काय होणार होतं?

“वाचलात?” मी विचारलं.

“वाचला,” तो म्हणाला. पुन्हा भिंग लावलं. पण चिमटा एकाच जागी धरून बसला होता.

तेवढ्यात उतारावर पावलं वाजली. हवालदार आत आले, एका हातात कागदात गुंडाळलेला पाव. मला बघून ओशाळले. “अगं, तू कशाला...” असं म्हणेपर्यंत त्यांची नजर टेबलावर गेली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मी दोराकडे बघत राहिले.

मुलानं अंक उचलला, बापाच्या बाजूला वळवला आणि त्या चित्रावर बोट ठेवलं.

“बाबा,” त्यानं विचारलं, “हा कसा उडतो?”

मी उठून जायला हवं होतं. पण बसून राहिले. हवालदारांनी पाव काखेत धरला, पुढे आले, मुलाच्या खुर्चीशेजारी खाली गुडघ्यांवर बसले आणि खिशातून पेन्सिल काढली. मग त्यांनी चित्रातल्या मुलाच्या पावलांच्या अगदी खाली, बोटांना चिकटून, एक आडवी रेघ ओढली. रेघेखाली थोडी माती केली, दोन खडे. आणि पावलांना लागून सावली काढली.

तो पोरगा खाली आला. अंगणात उभा राहून आळस देणारा एक मुलगा, बाकी काही नाही.

“हा उडत नाही,” हवालदार म्हणाले. “कुणीच उडत नाही रे. आम्ही खालची जमीन काढत नाही, म्हणून तसं वाटतं. पंखानं नाही, कापडानं नाही, आणि मनात आणून तर नाहीच नाही. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.”

मुलानं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

“तेव्हा कसं सांगणार, बाबा?” तो म्हणाला. “दारात छापखान्याचा माणूस थांबला होता. तुम्हाला घाई होती.”

चेंडू कधी नव्हताच. त्याला सगळं आठवत होतं, दारातल्या माणसासकट. नऊ वर्षांच्या पोरानं पलंगावर पडल्या पडल्या बापाचं तोंड बघितलं आणि चेंडू रचला, आणि मग तो आयुष्यभर सांभाळला. मी रडले ते सांगायला मला लाज नाही.

हवालदार तसेच गुडघ्यांवर बसून होते, कपाळ मुलाच्या मांडीवर टेकवून. ज्या मांडीला काही कळत नाही, त्या मांडीवर. मुलगा एका हातानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होता, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या काखेत चेपलेला पाव सोडवू पाहत होता.

मालकांचा निरोप मी दिला नाही. दार हळूच ओढून घेतलं आणि उतारावरून खाली आले.